डाव्या अंगाचे टायर

८ जानेवारी, गुरुवार
डायलिसिसचा दिवस. कोल्हारहून निघालो, सासूबाई मागच्या सीटवर उशीला टेकून. बेलापूरच्या अलीकडे समोरून उसाचे ट्रॅक्टर, एकामागे एक, दोन-दोन ट्रॉल्या. नेहमीसारखी डावी चाकं डांबराखाली उतरवली. ते गेल्यावर गाडी परत वर घेतली तर मागचं अंग सरकलं. सरळ शेताकडेच निघालं. कशी सावरली, माझं मला माहीत नाही.

आईंचं डोकं काचेला टेकलं. फार लागलं नाही. "सुमन, आज बैल बिथरलं व्हय गं?" एवढंच. ओरडणं नाही, देवाचं नाव नाही.

तिथे मशीनवर त्यांचं रक्त नळीतून बाहेर जाताना, दुसऱ्या नळीतून परत येताना बघत बसले. अंगातलं सगळं रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येतं. दोन वर्षं बघते आहे, अजून विश्वास बसत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार
अंगणात गाडी बघितली. बाहेरून चारही टायर झकास. मग सहज स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड दिसली. गुळगुळीत. एका जागी तर रबर संपून आतले दोरे वर आलेत. पोतं अंथरून मागच्या चाकाखाली डोकावले. डाव्याची तीच गत. उजवे दोन्ही चांगले.

मग लक्षात आलं. डांबराच्या कडेवरून खाली उतरायचं, त्याच कडेला घासत वर चढायचं. अख्खा ऊसतोडीचा हंगाम हेच. आपल्याकडे उसाच्या गाडीला वाट देताना कुणी विचार करत नाही, चाकं आपोआप खाली जातात. मी तर स्वतःला सांभाळून चालवणारी समजत होते.

दोऱ्यावर बोट ठेवलं. एवढ्याशा दोऱ्यावर आईंना घेऊन इतक्या खेपा. कसे पोचत होतो आपण.

१० जानेवारी, शनि.
दीर आले. खाली वाकून बघितलं, उठले, निकाल दिला. "वहिनी, डाव्या अंगाला दोन टाका, झालं. उजवे हायेत की चांगले."

मलाही तेच वाटत होतं. बाजेवरून आई म्हणाल्या, "एका जुवाखाली एक तरणा अन् एक म्हातारा जुंपतो का रं? गाडी वाकडी वढील की." दीर हसले, हेही हसले. पण बरोबर आहे ना? पुढच्या दोघांची जोडी, मागच्या दोघांची जोडी.

दुपारी गाडी धुतली, ओल्या फरशीवरून हातभर पुढे घेतली. चाक जिथे टेकलं होतं तिथे कोरडा ठिपका राहिलेला. माझ्या तळहाताएवढा. असे चार. एवढी मोठी गाडी, त्यात आम्ही, आणि जमिनीला टेकतात ते चार तळहात. किती वेळ तिथे उभी होते. हे म्हणाले, "फरशी पुसतीस का नुसती बघतीस?"

१२ जानेवारी, सोम.
डाय. आई मशीनवर गेल्यावर टायरच्या दुकानात. मालक म्हणाला, नवे दोन मागे टाका, उजवीकडचे दोन चांगले पुढे आणा. शेजारी थांबलेला जीपवाला मध्येच, "न्हाई ताई, नवं पुढंच घ्या, स्टिअरिंग कुठं आसतं?" दोघांची जुंपली. माझी गाडी बाजूलाच राहिली. मला गुरुवारी शेताकडे सरकलेलं मागचं अंग आठवलं. नवे मागेच. आई मागेच बसतात.

किंमत ऐकून मात्र, घरी विचारून सांगते म्हणाले आणि निघाले.

येताना बेलापूरला जुन्या टायरांचं दुकान. दोन दाखवले, नक्षी बरी होती. निम्म्याहून कमी. "वरीसभर बिनघोर फिरा," म्हणाला.

१३ जानेवारी, मंगळ. भोगी.
तीळ लावून बाजरीच्या भाकरी. आईंना भाजी दोनच चमचे, डॉक्टरांची सक्ती. हरभरे बाजूला काढून त्यांनी मनोभावे खाल्ली.

जेवताना टायरचा विषय. मी दोन्ही दुकानांचं सांगितलं. दीर म्हणाले, "जुनेच घ्या की. वरीसभर चालले तरी बास."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण म्हणून झाल्यावर सगळ्यांनाच कळलं. दीर ताटात बघायला लागले. यांनी उगाच पाणी मागितलं, तांब्या समोरच होता.

मग आईच म्हणाल्या, "खरं बोलला त्यो. माझ्या मागं टायर उरायचे म्हंजी उधळपट्टीच. न्हाईतर असं करा, टायरबी नगं अन् ते मशीनबी नगं. मी ऱ्हाते घरी." दुसरी भाकरी नको म्हणावं तशा आवाजात.

मशीन बंद केलं तर काय होतं, त्यांनाही माहीत आहे. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढी मोठी गोष्ट एवढ्या हलक्या हाताने कोण उचलतं?

१४ जानेवारी, बुध. संक्रांत.
सकाळी रोजच्यासारखं आईंच्या मनगटावर बोटं ठेवली. सुई टोचायला तिथे शिरा जोडल्यात, आत सारखी घुरघुर लागते. ती लागली की सगळं ठीक, असं नर्सने शिकवलं होतं. आज लागली. मी बोटं काढलीच नाहीत. आई म्हणाल्या, "काय ऐकतीस? रेडिओ हाय का त्यो?"

अंगणात यांना गाठलं. म्हटलं, जुने घेणार नाही. हे चिडले नाहीत. "अगं, फरकात तिच्या इंजेक्शनांचा महिना निघतोय. टायर तिचे, इंजेक्शनंबी तिचीच. मी काय सांगू?" खरंच आहे ते, वाईट त्याचंच वाटलं. आपला ऊस अजून उभा, तोड कधी येईल पत्ता नाही.

पण म्हटलं, वर्षाचे टायर आणले तर रोज ती गाडी बघून त्यांना काय वाटेल? आम्ही त्यांचे किती दिवस धरून चाललोय ते दारातच उभं असेल.

यांनी वाकून डाव्या टायरचे दोरे बघितले. मग, "भिशी लागलीये ना तुझी?"
म्हटलं, ती सोफ्याची.
"सोफ्यावर बसून श्रीरामपूरला जाता येतं का?"
हसू आलं, रडूही आलं. तीळगूळ दिला त्यांच्या हातावर.

१५ जानेवारी, गुरु.
डाय. अगदी सावकाश गेले. ट्रॅक्टर दिसला की आधीच वस्तीच्या रस्त्यात वळून थांबायचं, तो गेला की निघायचं. चाक एकदाही डांबराखाली नेलं नाही. आई बाहेर बघत होत्या. बंद करायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

मशीनवर असताना प्रेशर एकदम खाली. नर्स पळत आली, पाय उंच केले, मशीन लवकर सोडवलं. आई पांढऱ्याफटक. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एको करून घेऊ, सोमवारी.

परत येताना मागून, "टायरचं काय ठरलं?"
नवे, म्हटलं. शनिवारी.
बेलापूर मागे पडलं. मग, "मलाबी यायचंय."

१७ जानेवारी, शनि.
आईंना घेऊन श्रीरामपूर. दुकानदाराने खुर्ची दिली. इरकल लुगडं, डोक्यावर पदर, लग्नाला आल्यासारख्या बसल्या. जॅकवर गाडी वर गेली. चाकं निघाली तेव्हा जुने डावे टायर समोर आडवे टाकले होते. आईंनी वाकून दोऱ्यांवरून हात फिरवला. "याच्यावर नेत होतीस मला?" रागाने नाही. लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा हात होता तो, पण टायरवर.

मग नवे आले. काळेभोर, सगळ्या अंगावर रबराचे बारीक उभे केस. आईंनी ते चिमटीत धरले.

"याचं जावळ न्हाई काढलं अजून?"

दुकानदार खळखळून हसला. "आपोआप जातं, मावशी. थोडं फिरलं की गुळगुळीत."

आई पुन्हा पुन्हा हात लावत होत्या. मीही लावला. मऊ, अगदी बाळासारखं. आम्ही दोघी बायका भर रस्त्यात एका टायरला कुरवाळत बसलेल्या, आणि लाज वाटली नाही.

नवे मागे बसले, उजवे पुढे. चाकांची सरळ रेघ मशीनवर लावून घेतली. दुकानदार म्हणाला, "नीट चालवली तर चार-पाच वर्षं बघायला नको." मी पटकन आईंकडे बघितलं. त्या चाकाकडेच बघत होत्या. तो पुढे म्हणाला, "फक्त सात महिन्यांनी आणा. पुढचे मागं, मागचे पुढं करून देतो. म्हंजे सारखे झिजतील."

मी हो-हो करत पैसे काढत होते. आईंनी बोटांची पेरं मोजली. एकदा मोजली, परत मोजली.

"सात म्हंजी श्रावण आला," त्या त्याला म्हणाल्या. "सोमवारी नगं ठिवू. माझा उपास आसतो."

डॉक्टरांनी उपास कधीचेच बंद केलेत. एको परवा आहे. दुकानदार म्हणाला, बरं, मंगळवारी या.