आवाजी मतदान

कांदिवली,
रविवार, मार्च १९५४

प्रिय अनंत,

आमदार झाल्यापासून तुझी पत्रं टाइप करून येतात, खाली सही तेवढी तुझी. मी मात्र हातानेच लिहिणार, आणि तू हे पत्र कारकुनाकडे न देता स्वतः वाचायचंस. बायकोला दाखवू नकोस, मृणालिनी बिचारी काळजी करत बसेल. इकडे सगळं ठीक आहे. ह्यांचा दमा आटोक्यात आहे, मला यंदा सातवीचा वर्ग दिलाय, आणि आमदारांची ताई म्हणून भाजीवाली मला वजनात फसवत नाही. तुझ्या राजकारणाचा मला झालेला फायदा तो एवढाच.

परवा चारकोपला जाऊन आले. खाडीला मोठी भरती आली की तो नाला अजून तसाच फुगतो आणि गाव स्टेशनापासून तुटतं. एरवी ये-जा करायला माडाचं खोड टाकलेलं आहे, आपल्या वेळी होतं तसंच. बाबा मिठागरावर कारकून होते तेव्हा तुला पाठुंगळी घेऊन मी त्या खोडावरून शाळेत नेत असे, आणि तू माझ्या दोन्ही वेण्या लगामासारख्या धरून ठेवायचास. मला भीती वाटत नसे. तू पाठीवर असताना घाबरायची सोयच नव्हती.

आपल्या शेजारच्या शेवंतीकडे चहा घेतला. तिच्या सुनेचं पहिलं मूल गेल्या श्रावणात नाल्याच्या काठावरच गेलं, हे तुला ठाऊक आहे. तिला कळा सुरू झाल्या आणि नेमकी भरती होती. पाणी उतरेपर्यंत चार माणसं डोली खांद्यावर घेऊन उभी राहिली. सून वाचली. आता तिला पुन्हा दिवस गेलेत, भाद्रपदात बाळंत होईल. तोवर पक्का पूल होणार नाही, हे शेवंतीलाही कळतं. पण पैसे मंजूर झाले तर पावसाआधी निदान लाकडी साकव घालून देतो, असं इंजिनियर तिच्यासमोर बोलून गेलाय. तेव्हापासून ती त्या साकवावरच जगते आहे.

म्हणूनच देवळापुढच्या सभेत तिने तुझ्या हातात नारळ दिला. पुलाला पैसे द्यावेत अशी सूचना विरोधी पक्षाच्या सभासदाने विधानसभेत मांडली आणि ती पडली, हे तू खरं सांगितलंस. पुढे म्हणालास, ‘मंडळी, मी पक्ष बघितला नाही, घसा फोडून होय म्हटलं, पण एकट्याचा आवाज तो किती पुरणार?’ टाळ्या पडल्या. मी मागे खांबाला टेकून उभी होते आणि टाळ्या वाजवायला माझे हात उठले नाहीत.

अरे, तूच मागे कधीतरी दिलेल्या पासावर मी ती सूचना पडली त्या दिवशी वर गॅलरीत बसले होते. तुला सांगितलं नव्हतं, कारण तुला अवघडायला होतं. तुमच्या त्या आवाजी मतदानाची मला आधी मोठी गंमत वाटायची. अध्यक्षांनी विचारायचं, सगळ्यांनी एकदम ओरडायचं, ज्यांचा गलका मोठा त्यांची सरशी. कोण काय ओरडलं याची कुठे नोंद नाही, कुणी कुणाला धरू शकत नाही. पण मी तुला चार वर्षांचा असल्यापासून वाढवलाय. एरंडेलाचा चमचा पुढे आला की तुझ्या नाकातून जे लांबलचक ‘नाही’ यायचं, तेच त्या शेकडो आवाजांतून सरळ वर माझ्यापर्यंत आलं. मला हसू फुटलं, आणि पुढच्याच क्षणाला इतकं वाईट वाटलं की मी पदर तोंडाशी धरून खाली उतरले.

रस्त्यांच्या आणि पुलांच्या बाबतीत तुझं दोन वर्षांतलं मत, तूच पत्रांतून कळवलेलं, मला पाठ आहे. अंधेरीच्या रस्त्याला तू होय म्हणालास, घाटकोपरच्या फाटकावरच्या पुलाला होय, मुलुंडच्या रस्त्याला होय. त्या तुमच्या सरकारनेच मांडलेल्या खर्चाच्या मागण्या होत्या. आपल्या नाल्याची सूचना पलीकडच्या बाकावरून आली, म्हणून तिला नाही. पक्षाचा हुकूम मोडला तर पुढचं तिकीट जाईल, उपमंत्रिपदाचं जे काही कानावर आहे तेही जाईल, हे मला समजतं. मी शाळेत शिकवते, वेडी नाही. पण तुझ्यापेक्षा मी तुला जास्त ओळखते. तू भित्रा नाहीस. तुला कुणी बघत नाहीये असं वाटलं की तू लबाडी करतोस, आणि कुणी बघत असलं की फार चांगला वागतोस. लहानपणापासून हे असंच आहे.

म्हणून मी काल एक काम केलं. ह्यांना विचारलं नाही, त्यांनी नकोच म्हटलं असतं. त्या विरोधी सभासदाच्या घरी गेले आणि गुरुवारी रस्त्यांच्या खर्चाची मागणी मंजुरीला येईल तेव्हा आपल्या पुलाची सूचना पुन्हा मांडा, आणि या वेळी आवाजावर सोडू नका, उघडं मतदान मागा, असं त्यांना सांगितलं. त्यांनी कबूल केलंय. म्हणजे होयवाले एका दाराने जातील, नाहीवाले दुसऱ्या. हे तुला बेसावध गाठून करायचं नव्हतं, म्हणून आजच लिहिते आहे. तिकीट गेलं तर अपक्ष उभा राहा, मी बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत दारोदार पायी हिंडेन, माझे पाय अजून धड आहेत. गॅलरीचे दोन पास पाठव. मी काय ऐकलं ते शेवंतीला सांगितलेलं नाही, आणि सांगायची वेळ येईल असंही मला वाटत नाही. गुरुवारी ती माझ्या शेजारी बसेल. तुझा आवाज तिला ओळखता येणार नाही, पण तू कोणत्या दाराने गेलास ते तिला वरून नीट दिसेल.

तुझीच, दोन्ही दारांवर नजर ठेवून बसणारी,
उत्तराताई