आक्काबाईंचा ओटा

कोपरगाव, ४ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सविताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. राखी सोबत आहे. इकडे सगळे ठीक, फक्त संडासाचं पाणी लवकर उतरत नाही आणि मागच्या अंगणात वास मारतो. सासरे गेल्यापासून सेप्टिक टाकी उपसलेली नाही. शेवटच्या वर्षी त्यांनी सासूबाईंसाठी ओटा बांधला तो नेमका टाकीच्या झाकणावर, कारण लिंबाची सावली तिथंच पडते. आक्काबाई रोज दुपारी त्यावर बसून शेंगा फोडतात. तो ओटा फोडायचाय, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून यांनी जिवाणूंची पावडर आणली. टाकी कधीच उपसावी लागत नाही, असं पुड्यावर छापलंय. पहिल्या पुड्यानं वास कमी झाला. दुसरा ओतू का? तू जन्मभर विज्ञान शिकवलंस, तूच सांग.

तुझी,
सविता


सावेडी, ९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सवितास,
अनेक आशीर्वाद.

राखी वेळेवर पोचली. राखीच्या पाकिटात संडासाची खबर यावी, हे आपल्याच घरात, असं तुझी वहिनी म्हणते.

पावडर ओतू नकोस. टाकीला लागणारे जिवाणू आपल्याच पोटातून रोज तिथं जातात, ते विकत कशाला आणायचे? ते बराचसा मैला जिरवतात, पण उरलेला गाळ तळाशी साचतोच. तो उपसण्यावाचून गत्यंतर नाही. पावडरीनं गाळ सुटलाच, तर वाहून शोषखड्ड्यात जाईल. तो बुजला की ओट्यासकट अंगण खणावं लागेल. टँकर बोलवा, माणूस मात्र आत उतरवू नका, आतल्या वायूनं जीव जातो.

आणि आक्काबाईंशी बोला. त्यांचं मन राखायचं म्हणून तुम्ही त्यांना रोज वासात बसवताय.

वैजनाथदादा


कोपरगाव, २४ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

बुधवारी टँकर आला. आदल्या संध्याकाळी आक्काबाईंना सांगितलं. त्या जेवल्या थोडंच. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी हे पहार घेऊन उभे राहिले, पण हात उचलेना. आक्काबाईंनी लिंबाखाली खुर्ची मागवली, बसल्या आणि म्हणाल्या, “मी मेल्यावर फोडनारच हुता ना? मग आताच फोडा. म्हंजी नवा कसा बांधता, ते मला बघाया मिळंल.”

वासाचं विचारलं, तर म्हणतात कशा, वास पाडव्यापासून येतोय, मला वाटलं तुमाला नाकं न्हाईत.

टाकी गाळानं भरली होती. आता पाणी लगेच उतरतं. नवा ओटा झाकणापासून दूर, लिंबाच्या बुंध्याशी बांधला. जुन्या ओट्याची फरशी आक्काबाईंनी त्यावरच बसवून घेतली. उंची जास्त झाली म्हणून गवंड्याला दोनदा उतरवायला लावली.

दुसरा पुडा तसाच पडून आहे. दुकानदार परत घेईना. तुज्या भावाला धाड, असं त्या म्हणतात.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात वरून काही घालावं लागत नाही, अधूनमधून येऊन जा म्हणजे झालं.

तुझी,
सविता