सत्तेचाळीस नंबरची बाई

सौंसर, ११ डिसेंबर

आदरणीय चंद्रकला आत्यास,
सुचिताचा सविनय जयभीम.

मी ठीक आहे. आईचा खोकला ठीक नाही, पण नियमित आहे. तुमचे गुडघे आणि म्हशीचा पाय कसा आहे ते कळवावे. (फोनवरच विचारलं असतं, पण मागच्या तिन्ही वेळा माझं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत तुम्ही फोन ठेवलात. पत्राला ती सोय नाही.)

विद्यापीठाचा तो कार्यक्रम तुम्हाला आठवत असेलच. मोहगावच्या बायका तुम्हीच आणल्या होत्या. बॅनरवर ‘अल्पसंख्याक समाजातील आरोग्य-विषमता : एक संवाद’ असं होतं. संवादात सात जण मंचावरून बोलले आणि एकशे चाळीस जणांनी ऐकलं. आपल्या वस्त्यांपासून दवाखाना किती लांब आहे ते एका सरांनी पडद्यावर नकाशात दाखवलं. (नकाशात ते चार बोटं होतं. मागे कोणीतरी म्हणालं, ‘एवढंच हाये त मंग आम्ही चालत काहून दमतो?’) आपल्या समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार जास्त आढळतो, म्हणून भाषणांनंतर रक्ततपासणी होती. इथल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेकडून मी एकटी होते.

मुख्य आयोजक श्रीधर सर. त्यांचा नियम असा, की रक्ताच्या नळीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, गोपनीयता. मी विचारलं, निदान वय आणि गाव लिहू का? ते म्हणाले, त्याने माणूस ओळखू येतो. (तो ओळखू यावा म्हणूनच विचारत होते, पण त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि माझ्या हातात सुई.) नावं फक्त नोंदणीच्या रजिस्टरमध्ये. कागदाची बचत म्हणून तपासणीची आणि जेवणाची चिठ्ठी एकच ठेवली. एक ते सत्तर नंबर एक वाजता जेवणार, बाकीचे अडीचला. मोहगावच्या बायकांचे नंबर सत्तरच्या पुढचे आणि त्यांची बस दोनची. या तिन्ही वेळा कोणी एका कागदावर शेजारी-शेजारी मांडून पाहिल्या नाहीत. मीसुद्धा नाही, हे नोंदवून ठेवते.

मग आपल्या माणसांनी जे करायचं तेच केलं. रांगेत उभ्या-उभ्या चिठ्ठ्या बदलल्या. ‘तुमची बस हाये ना बाई? घ्या माह्या नंबर, मी काय, इथलाच.’ भांडण नाही, ढकलाढकली नाही; एवढी शिस्तबद्ध माणुसकी मी कोणत्याही कार्यक्रमात पाहिलेली नाही. म्हणजे तिथेही पाहिली नाहीच. मला फक्त दंड दिसत होते. सुई टोचायची, चिठ्ठीवरचा नंबर नळीवर लिहायचा, पुढचा दंड.

सत्तेचाळीस नंबरच्या नळीत सिकलसेल निघाला. नुसता वाहक नाही, पूर्ण आजार. रजिस्टरमध्ये सत्तेचाळीस म्हणजे नत्थूजी, वय एकाहत्तर, लोधीखेडा. मी रिपोर्ट घेऊन गेले. ते ओट्यावर पत्ते खेळत होते आणि जिंकत होते.

‘मी त नंबर बदलवला ना पोरी. एक बाई होती, पोटुशी. चेहरा उतरला होता तिचा. म्या म्हटलं, घे माय, जेव आधी.’

नाव विचारलं का, म्हटलं.

‘जेवाले नाव कायले इचारा लागते?’

त्यांना मिळालेल्या चिठ्ठीवर कोणता नंबर होता तेही आठवेना. ती जेवणाच्या टेबलावर जमा झाली होती.

आत्या, हा आजार असलेल्या बाईचं बाळंतपण साधं नसतं. रक्त अचानक उतरतं, छाती भरते. आधी माहीत असेल तर निभावता येतं. मी श्रीधर सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘चिठ्ठ्या बदलल्याने एकूण टक्केवारी बदलते का?’ नाही, म्हटलं. ‘मग डेटा बरोबर आहे.’ गणिताने ते बरोबर आहेत. मी दोनदा पडताळून पाहिलं. विषमता सिद्ध झाली आहे. फक्त ती कोणाला झाली ते माहीत नाही.

रजिस्टरमध्ये गरोदर बाया पाच. चौघींचं रक्त मी घरोघर जाऊन पुन्हा घेतलं, चौघी ठीक. पाचवी तुमची सून पूजा. मी दोनदा मोहगावला आले. तुम्ही चहा दिलात आणि पूजाला आतच ठेवलंत. म्हणालात, ‘काही झालं नाही तिले. कामाची वेळ आली का बरोबर सांधे दुखते. माह्या घरात बिमारी शोधून राहिली का तू?’

यावर मी काही लिहीत नाही. मोठ्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण तुमच्या घरात लहान कोणी नाही, अजून.

आपली भाची,
सुचिता

ता. क. : पूजाला गुरुवारी तपासणीला पाठवावे. विशालदादालाही; बाळाच्या बापाचंही रक्त तपासावं लागतं.

ता. क. २ : वरचं वाक्य रीत म्हणून लिहिलं. तुम्हाला सांगितलं तशी पूजा माहेरी पांढुर्ण्याला गेलेली नाही. काल संध्याकाळपासून ती इथे दवाखान्यात आहे. विशालदादानेच आणलं. मी दंडाला पट्टा बांधला तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, सत्तेचाळीस नंबर माह्यापाशीच होता. पन सासूले कोन सांगन?’ रक्त सहावर आलं आहे, अकरा तरी हवं. उद्या सकाळी अकराला तिला नागपूरला नेणार. सोबत बाईमाणूस लागतं आणि मला रजा मिळाली नाही. विशालदादा तुम्हाला काय सांगायचं ते कालपासून व्हरांड्यात बसून जुळवतो आहे. त्याच्याने होणार नाही. म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरजवळ देते आहे.

ता. क. ३ : सत्तेचाळीस नंबर सापडल्याचं श्रीधर सरांना कळवलं. त्यांना मनापासून आनंद झाला. पुढच्या कार्यक्रमात बाळासह तिचा सत्कार करायचा म्हणतात, बाळंतपणाची तारीख विचारत होते. डॉक्टर सध्या कोणतीच तारीख सांगत नाहीत. तुम्ही या.