घरावरून गेलेली रेघ

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आप्पांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

डोळे तपासून ते ऑफिसात येऊन बसले. खाली क्लास सुटले होते, पोरांचा नुसता कालवा. मी आमच्याच गावाच्या नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या रेघा टाकत होते. खाली उपग्रहाचा फोटो, त्यावर भूकंपाआधीचा गावठाणाचा नकाशा पुसट करून ठेवलेला. फोटोत जुन्या गावाच्या जागी नुसत्या बाभळी. आप्पांनी मारुतीचं देऊळ शोधलं, तिथून बोट सरकवत आमच्या घरावर आणलं. नेमकी एक रेघ तिथूनच गेलेली.

"इथं तुझी ताई निजली होती." ताई भूकंपात गेली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. "ही रेघ जराशी बाजूला घे की, माय. तिच्या अंगावरून चालली."

मी शहाण्यासारखं सांगितलं, ही रेघ मनानं सरकवता येत नाही, ती जागची हलत नसते.

"सगळी जमीन हालली, अन् रेघ हालली न्हाई व्हय?"

त्यांना एसटीत बसवून आले आणि रेघांमधलं अंतर दुप्पट केलं. एकाआड एक रेघा गेल्या, त्यात तीही. साहेबांना म्हटलं, नकाशा गिचमिड दिसत होता. खरं तर ती रेघ तिथंच आहे, फक्त दिसत नाही. हे आप्पांना सांगायचं का?

नाही सांगितलं. फोनवर मी एवढंच म्हणाले, "काढली रेघ."

आप्पांनी विचारलं, "आपल्याच घरावरची, का साऱ्या गल्लीवरची?"

"साऱ्या गल्लीवरची, आप्पा."

"मग बरं झालं."