इतर उपचार : काका

तीर्थरूप काकांना पुतणीचा कागदावरूनच साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही. ती झकास आहे, हे मला माझ्याच पेशंटांकडून कळलंय. काकूंचे गुडघे कसे आहेत? खरं तर फोनच करणार होते, पण अडचणीचा विषय निघाला की तुम्हाला फोनवर एकदम ऐकू येईनासं होतं. म्हणून हे पत्र.

माझ्या कंबरदुखीच्या संशोधनाबद्दल तुम्हाला मागे सांगितलं होतं. गोळ्या कमी, व्यायाम जास्त आणि अधूनमधून मी तपासायचं, एवढाच प्रयोग. लोकांना इतका आराम पडला की मीच चाट पडले. (शंका तेव्हाच यायला हवी होती.) हौसेहौसेने लेख लिहून एका वैद्यकीय मासिकाला धाडला, तर संपादकबाईंनी तो परत पाठवला. त्यांचं म्हणणं, लेख बरा आहे, पण आपल्यासारख्या फॅमिली डॉक्टरांनी संशोधन कसं लिहावं याचे आता नियम ठरलेत, ते पाळा. दवाखाना कसा आहे ते सांगा, पेशंटांची नि डॉक्टरांची ओळख किती जुनी ते सांगा, लेख पेशंटांना दाखवून त्यांचं मत घ्या, आणि त्या काळात त्यांनी आणखी कुठे उपचार घेतले का, तेही लिहा.

तुम्ही माझ्या हाती सोपवलेल्या दवाखान्याचं वर्णन करायला बसले आणि काका, माझं भानच सुटलं. दोन खोल्या नि तपासायचं टेबल, एवढंच लिहायचं होतं. पण कंपाउंडरमामांची ती लाकडी खिडकी आठवली, औषधाच्या बाटलीवर डोस कळावा म्हणून चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी आठवली (ती कातरायला मिळावी म्हणून मी शाळेतून घरी न जाता थेट तिथे यायचे आणि पट्ट्यांच्या नावाखाली मामांचं वर्तमानपत्र कुरतडून संपवायचे; तुम्ही मला खारूताई म्हणायला लागलात ते त्यावरूनच), स्पिरिटचा वास आला आणि पडद्याआडून तुमचा आवाज, "जीभ दाखवा बघू. घरी कोणाकोणाला दाखवता?" पडद्यामागे हसू फुटलं की निम्मं दुखणं तिथेच उतरायचं. दीड पान झालं. संपादकबाईंनी कळवलं, वर्णन छान आहे, पण पडद्याचा रंग वगळता येईल. वगळला. हिरवा होता, काका.

मग पेशंटांची बैठक बोलावली. शिंपीदादा, निवृत्त मुख्याध्यापिका आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला. शिंपीदादांनी लेखातला 'वयस्क पुरुष' म्हणजे आपणच हे लगेच ओळखलं आणि ते रुसले. मुख्याध्यापिकाबाईंनी माझं शुद्धलेखन लाल शाईने तपासलं, आणि वर 'प्रयत्न स्तुत्य' असा शेरा दिला. बेकरीवाला सगळ्यालाच बरोबर म्हणत होता. शेवटी मी नियमाप्रमाणे विचारलं, आणखी कुठे उपचार घेतलेत का? बाई छताकडे बघू लागल्या.

"उपचार असे नाही हो," शिंपीदादा म्हणाले. "रविवारी मोठ्या डॉक्टरांकडे नुसतं बसून येतो."

"सगळेच?"

"छे! हा बेकरीवाला मंगळवारी जातो. रविवारी तिथे फार गर्दी असते."

माझं संशोधन माझ्याच डोळ्यांदेखत पाण्यात गेलं. एवढी चिडले, की विचारलं, असं करतात तरी काय ते? बाईंनीच उत्तर दिलं. "काही नाही. खुर्ची देतात. कंबर राहू द्या, घरी कसं चाललंय ते सांगा म्हणतात. आणि निघताना बजावतात, आमच्या मुलीने सांगितलेले व्यायाम चुकवू नका, ती माझ्यापेक्षा चांगली डॉक्टर आहे."

बैठक मी तिथेच संपवली. घशात काहीतरी अडकलं, असं सांगितलं. (तिघांनीही एकदम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या.)

आता लेखात 'इतर उपचार' या मथळ्याखाली तुम्ही आहात. संपादकबाई म्हणतात, उपचाराचं असं वर्णन हवं की दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला तो जसाच्या तसा करता यावा. मी बराच प्रयत्न केला. 'खुर्ची देणे' याच्यापुढे गाडी सरकत नाही.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
खारूताई (एम. डी.)

ता. क. – निवृत्त माणसाने दुसऱ्याच्या पेशंटांना भेटणं शास्त्रात बसत नाही. रविवारचा दरबार कृपया बंद करावा.

आणखी एक ता. क. – वरची विनंती रद्द समजा. दरबार चालू द्या, पण गुरुवारी दवाखान्यात येत चला. माझ्या शेजारी खुर्ची टाकते. पेशंट उठून जाताना तुम्ही माझ्याबद्दल जे बोलता, ते एकदा माझ्यासमोर बोला. हे कुठल्याही नियमात नाही, मलाच ऐकायचंय.