पोस्टाच्या दाराचा रंग

३ मार्च १९३२, गुरुवार
शहरातून कमिशनरसाहेबांचं पत्र आलं. इंग्रजीत आहे. मी पूर्ण वाचलं. काही शब्द अवघड होते, तेवढे पोलीस हवालदार देर्विशला दाखवले. तो म्हणाला, बाबा, तुला सगळेच अवघड दिसतायत की. मग त्याने सगळंच वाचून दाखवलं. ईस्टरच्या आधी साहेब आमच्या गावचं पोस्ट बघायला येणार आहेत. पोस्टाची अवस्था दयनीय आहे असं त्यांच्या कानावर गेलंय. सुधारणा दिसली नाही तर पोस्ट माझ्याकडून काढून घेतील.
म्हणजे साहेबांचं माझ्याकडे लक्ष आहे.
बायको म्हणाली, पोस्ट गेलं तर या वयात तुम्हाला कोण ठेवून घेणार? तिला सरकारी भाषा कळत नाही.
निश्चय: हे पोस्ट सगळ्या सायप्रस बेटावर एक नंबर करायचं. उद्यापासून. उद्या शेंगा खुडायच्या आहेत. परवापासून.

७ मार्च, सोमवार
पोस्टाची पाहणी केली. पोस्ट म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. पूर्वी तिथे गाढव असायचं. थंडी असली की अजूनही असतं. छत एकाच ठिकाणी गळतं, पण ती जागा नेमकी तिकिटांच्या पेटीवर आहे. पत्रांच्या खणांत कोंबड्या बसतात. हुसकल्या. पुन्हा बसल्या.
पण विचार करता लक्षात आलं की खरा दोष खोलीत नाही, गावात आहे. बस टपालाची पिशवी घेऊन येते ती खाली चौकात, पिएरिसच्या कॉफीच्या दुकानापाशी थांबते. मग मी खाली उतरायचं, दुकानात स्टुलावर उभं राहायचं, पिशवी उघडायची आणि एकेक नाव ओरडायचं. ज्याचं नाव असेल तो हात वर करतो, पत्र डोक्यांवरून त्याच्याकडे जातं. ज्याला वाचता येत नाही त्याचं पत्र पुन्हा डोक्यांवरून माझ्याकडे येतं आणि मी ते सगळ्यांसमोर वाचतो. अठरा वर्षं असंच चाललंय. गुप्तता नाही. शिस्त नाही. कोणाच्या मुलाने काय पाठवलं ते अख्ख्या गावाला पाठ.
आजपासून बंद. ज्याचं पत्र त्याने पोस्टात यायचं आणि खिडकीतून घेऊन जायचं.

८ मार्च, मंगळवार
नोटीस लावली. पिएरिसने ती दुसऱ्याकडून वाचून घेतली, त्याला स्वतःला वाचता येत नाही. म्हणाला, काका, पोस्ट चढावर, बस चढावर जात नाही, म्हातारे चढावर जात नाहीत, मग तिथे जाणार कोण, बकऱ्या? सगळे हसले. मी लक्ष दिलं नाही. पिशवी मी स्वतः पाठीवर घेऊन चढलो. मध्ये दोनदा बसलो. देखावा बघायला.

१० मार्च, गुरुवार
खिडकीत दिवसभर बसलो. कोणी आलं नाही. शांत, शिस्तबद्ध कामकाज.

११ मार्च, शुक्रवार
एक गिऱ्हाईक. विधवा क्रिस्टालू. काठी टेकत आली, दारात बसून दम घेतला. तिचा मुलगा इजिप्तला नोकरीला आहे. पत्र दिलं. तिने ते उलटसुलट केलं आणि परत माझ्यापुढे धरलं, वाच म्हणाली. मी सांगितलं, क्रिस्टालू, आता गुप्तता आहे, पोस्टमास्तरने दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही. ती म्हणाली, अरे वार्नावासा, माझ्यापासून कसली गुप्तता, पत्र माझंच आहे ना? मी म्हटलं, नियम. ती म्हणाली, गेल्या आठवड्यापर्यंत माझ्या पोराचे जोडे कुठे चावतात तेसुद्धा तू साऱ्या गावाला सांगत होतास. मी म्हटलं, तेच चूक होतं.
ती पत्र घेऊन खाली गेली. शाळामास्तरांची सरकारने बदली केल्यापासून वाचणारं माणूस शोधावं लागतं. शोधेल. सुधारणेच्या आड एकेक माणूस येऊन चालत नाही.
मला काही वाटलं नाही.

१८ मार्च, शुक्रवार
पत्रं साठत चालली आहेत. हे चांगलं लक्षण आहे. साहेब येतील तेव्हा पोस्ट भरलेलं दिसेल.

२४ मार्च, गुरुवार
मोठं काम पार पडलं. खोलीला आतून-बाहेरून पांढरा चुना दिला. दार आणि खिडकी निळी केली. निळा रंग चर्चच्या कोठीत उरलेला होता, फुकट मिळाला. लांबून इतकं उठून दिसतं की खाली चौकातूनही नजर जाते. बायको म्हणाली, निळं कशाला केलंत? मी विचारलं, का? ती म्हणाली, काही नाही, तुमचं पोस्ट आहे.

२५ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. रंगाचा दुसरा हात द्यायचा होता म्हणून मी चर्चला गेलो नाही. प्रार्थना संपल्यावर सगळा गाव चढ चढून पोस्टापुढे आला. सगळा! पिएरिससुद्धा. पुरुषांनी टोप्या काढल्या. क्रिस्टालूने दाराला हात लावून तो कपाळाला लावला. पिएरिस माझा हात हातात घेऊन म्हणाला, काका, तुमच्यात एवढी छाती असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, छाती कसली, दोन दिवसांचं काम. तो म्हणाला, वा!
शेवटी लोकांना टपालखात्याचं महत्त्व पटलं. पत्र मात्र कोणी मागितलं नाही. भावनेच्या भरात विसरले असावेत.

२६ मार्च, शनिवार
सकाळी हवालदार देर्विश आला. भिंती बघितल्या, दार बघितलं. मग म्हणाला, बाबा, तुला वेड लागलंय का? ऑक्टोबरात राजधानीत तुमच्या ग्रीक लोकांनी बेट ग्रीसला जोडा म्हणत गव्हर्नरचा बंगला जाळला, तेव्हापासून ग्रीसच्या झेंड्याला बंदी आहे. काल ग्रीसचा स्वातंत्र्यदिन. आणि तू इंग्रजांच्या पोस्टाला पांढरा-निळा रंग देऊन अख्खी इमारतच झेंडा करून ठेवलीस?
मी म्हटलं, रंग फुकट होता.
तो म्हणाला, मी तुला ओळखतो म्हणून हसतोय. साहेब ओळखत नाहीत. ते मला विचारतील, हा झेंडा उभा राहिला तेव्हा हवालदार कुठे होता? उद्या संध्याकाळपर्यंत बदल.
बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं.

२७ मार्च, रविवार
दार लाल केलं. आधी विचार केला, मगच केलं. इंग्रजांच्या टपालपेट्या लाल असतात, म्हणजे यात चूक निघूच शकत नाही. रंग बसच्या ड्रायव्हरकडून आणला. पांढऱ्या भिंती, लाल दार. झकास.
देर्विश आला. आधी हसू दाबलं, मग दाबता आलं नाही. टाचा जुळवून दाराला सलाम ठोकला आणि म्हणाला, माझ्या आजोबांनी याच रंगांखाली पलटणीत नोकरी केली. तो जातीचा तुर्क आहे. तुर्कांचा झेंडा लाल-पांढरा असतो हे मला अर्थातच माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही.

२८ मार्च, सोमवार
पिएरिसने कॉफी दिली नाही. दूध संपलं म्हणाला. आम्ही कॉफीत दूध घालतच नाही.
शुक्रवारी टोप्या काढणारे आज टोप्या आणखी खाली ओढून गेले.
कोणीतरी पोस्टाच्या दारापाशी संत्री ठेवून गेलं. लांबून ठेवली असावीत, सगळी फुटली आहेत.

२ एप्रिल, शनिवार
बायको म्हणाली, उरलेलं सगळं एकत्र करा आणि फासा एकदाचं. निळा, लाल, चुना, थोडा काळा डांबरी रंग असं ढवळलं. जो रंग तयार झाला त्याला नाव नाही. पावसात भिजलेल्या गाढवासारखा आहे. भिंती, दार, खिडकी सगळीकडे तोच दिला. जगातल्या कुठल्याही देशाचा झेंडा असा नसेल. देर्विशने खात्री करून घेतली.
कोंबड्यांना आवडला. परत आल्या.

११ एप्रिल, सोमवार
साहेब उद्या येणार. पत्रं अक्षरांप्रमाणे लावली. अंडी काढली. छताच्या भोकाखाली बादली ठेवली, बादलीवर फळी, फळीवर फुलदाणी. लग्नातला कोट अंगात जातो. बटणं लागत नाहीत, पण उघडा कोट जास्त रुबाबदार दिसतो. इंग्रजीत एक वाक्य पाठ केलं.

१२ एप्रिल, मंगळवार
सकाळपासून दारात उभा होतो. दुपारी खाली चौकात साहेबांची मोटार आली. मोटार चढावर येत नाही हे मला माहीत होतं, साहेब चालत येतील असा अंदाज होता. मोटार पिएरिसच्या दुकानापुढे थांबली. इथून सगळं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. साहेब खुर्चीत बसले. कॉफी आली. लोक भोवती जमले. क्रिस्टालू काठी उगारून बराच वेळ काही सांगत होती. देर्विश साहेबांना इंग्रजीत समजावत होता. मग साहेब उठले, वर पोस्टाकडे बघितलं. मी हात केला. त्यांनी बहुधा पाहिला.
मोटार गेली.
देर्विश वर आला, बसला, पाणी मागितलं. म्हणाला, बाबा, साहेबांनी विचारलं, वर ती मळकट खोली कसली? मी सांगितलं, पोस्ट. त्यांनी विचारलं, मग पत्रं लोकांना मिळतात कुठे? क्रिस्टालू म्हणाली, पूर्वी इथे दुकानात मिळायची, आता कुठेच मिळत नाहीत. साहेब म्हणाले, मग पोस्ट इथेच असू दे. एक तारखेपासून पोस्ट पिएरिसकडे.
मी विचारलं, रंगाबद्दल काही बोलले? नाही म्हणाला.
पाठ केलेलं वाक्य देर्विशला म्हणून दाखवलं. चांगलं आहे म्हणाला.

३० एप्रिल, शनिवार
शिक्का, पिशवी, तिकिटांची पेटी पिएरिसकडे पोचवली. चार फेऱ्या झाल्या. बायको म्हणाली, आता गाढवाला आत बांधा. बांधलं. उद्या ईस्टर. काही वाटत नाही. बरंच आहे.

३ मे, मंगळवार
बस आली तेव्हा मी सहज चौकात होतो. पिएरिसने पिशवी उघडली, पत्रांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, काका, तेवढी नावं वाचता का? माझा चष्मा घरी राहिलाय. पिएरिसला चष्मा नाही. अर्थ स्पष्ट आहे: माझ्याशिवाय पोस्ट चालू शकत नाही. देखरेख म्हणून मी होकार दिला. पगार पिएरिसचा, कॉफी माझी. साखर मागितली तर हो म्हणाला.
स्टुलावर उभा राहून नावं वाचली. पत्रं डोक्यांवरून गेली. क्रिस्टालूचं पत्र डोक्यांवरून परत आलं. आता मी पोस्टमास्तर नसल्यामुळे नियम लागू होत नाही, म्हणून वाचलं. मुलाने नवे जोडे घेतलेत, तेही चावतात.
मागून पिएरिस ओरडला, काका, जरा मोठ्यानं, इकडे ऐकू येत नाही.
जोड्यांचं पुन्हा वाचलं, मोठ्यानं.