न दिसणारं कलम

औरंगाबाद, ८ एप्रिल २०१६

ती. आबांस, सायलीचा शि. सा. न. वि. वि.

डोळा कसा आहे? थेंब दिवसातून चार वेळा टाकायचे, बाटली पुरवायची म्हणून दोनदा नव्हे. फोनवर तुम्ही नुसतं व्हय व्हय करता आणि काहीच ऐकलेलं नसतं, म्हणून पत्र लिहिते.

इथं नळाला सातव्या दिवशी पाणी येतं. छावणीमागं इतक्या इमारती झाल्या की टँकर गल्लीत वळत नाही. घागरी घेऊन आम्हीच रस्त्यावर जातो.

एक वाईट झालं. कार्बनच्या सहा कांड्यांवर मी रेणूंचं कलम केलं होतं, तुम्हाला दाखवलं होतं ते. थोडी वीज दिली की रेणू कार्बनला घट्ट धरतात. मग पाण्यात शिसं असलं तर ते त्यांच्यावर अडकतं आणि यंत्राला कळतं. आपल्या बोअरचं पाणी त्यांवरच तपासायचं होतं. सहाही कांड्या कोऱ्या निघाल्या, वरचं कलम गेलेलं. माझे तीन आठवडे गेले. प्रयोगशाळेची किल्ली शिपाई बन्सीदादांकडे असते, म्हणून आमच्या गाईड नीरजा मॅडमनी त्यांनाच धरलं. ते रोजंदारीवर आहेत. सोमवारपासून येऊ नका म्हणाल्या.

तुम्ही डोळा दाखवायला आलात त्या दुपारी मी तुम्हाला प्रयोगशाळेत बसवून दवाखान्याचे कागद आणायला गेले होते. हे मी मॅडमना सांगितलेलं नाही. तेवढ्यात आत कोणी आलं होतं का?

रागवायचं ते रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची सायली


पिशोर, १२ एप्रिल

चि. सायलीस, आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डोळा बरा आहे. थेंब टाकतो. मोसंबीची वरची ओळ वाळली, खालच्या चार झाडांना सांडपाणी घालतो. शेजारची केसरबाई विचारत होती, सायली अजून शाळेतच आहे का. मी म्हणालो व्हय, लई मोठी शाळा आहे.

आत कोणी आलं नाही. मी बसलो होतो. नुसता बसूनच होतो.

बन्सीचं ऐकून वाईट वाटलं. माझ्या डोळ्याला पट्टी बघून त्यानं सकाळी चहा बशीत ओतून हातात दिला होता.

जास्त लिहीत नाही. लोभ ठेव.

आबा


पिशोर, १९ एप्रिल

चि. सायलीस,

आशीर्वाद मागच्या पत्रातलेच धर. आज द्यायला मला तोंड नाही.

कांड्या मी घासल्या. चाळीस वर्षं खुंटांवर मोसंबीचे डोळे भरून कलमं केली, त्यामुळं तू कलम म्हणालीस आणि मला वाटलं आपल्याला समजलं. आपलं कलम दिसतं तरी. डोळा दिसतो, बांधलेली पट्टी दिसते. तुझ्या कांड्यांच्या तोंडावर मला काहीच दिसेना, नुसता काळपटपणा. सकाळी तू तशाच कांड्या फडक्यावर पांढऱ्या भुकटीत घासत होतीस. इंग्रजी आठ काढायचा म्हणालीस, मला तो आपला चाराचा आकडा वाटला. म्हटलं, कलम अजून व्हायचंय. साल स्वच्छ असली की डोळा लवकर धरतो. पोरीची तेवढीच मेहनत वाचेल. चार काढत काढत सहाही कांड्या आरशासारख्या केल्या आणि होत्या तिथं ठेवल्या. तुला सांगणार होतो, पण तू आलीस तीच बस सुटेल म्हणत.

तुझं पत्र वाचलं तेव्हाच सगळं कळलं. तरी नुसता बसून होतो असं लिहिलं. सातवीही पुरी न केलेला माणूस मी, तुझ्या मॅडमना काय सांगू, तुलाच कमीपणा येईल, असं मनाशी घोकत सात दिवस काढले. पण चहा प्यायला बसलो की बन्सीची बशी आठवते.

मॅडमना वेगळं पत्र टाकलंय. घाबरू नको, त्यात तुझं नातं कुठं लावलं नाही. दाराजवळच्या वहीत तू माझ्या नावापुढं 'ओळखीचे' लिहिलं होतंस. उघड्या डोळ्यानं तेवढं वाचलं मी. पत्राखाली तेच लिहिलंय. माझं धोतरही त्या दिवशी मळलेलं होतं. तुझी काही चूक नाही.

लोभ ठेवता आला तर ठेव.

आबा


औरंगाबाद, २७ एप्रिल

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.

बन्सीदादा सोमवारी कामावर आले. मॅडमनी त्यांची माफी मागितली. मीही मागितली. तुम्हाला आत बसवलं होतं एवढं मी पहिल्याच दिवशी बोलले असते, तर त्यांचे दोन आठवडे गेले नसते.

त्याआधी मॅडमनी तुमचं पत्र माझ्यापुढं ठेवून विचारलं, इतकं नीट घासणारे हे ओळखीचे कोण. मी वही आणली, त्यांच्यासमोर 'ओळखीचे' खोडलं आणि 'आईचे वडील' लिहिलं. नंतर बन्सीदादांना दाखवलं, तर म्हणाले, ते मला त्याच दिवशी कळलं होतं, नाक काय लपतंय?

धोतर मळलेलं नव्हतं, आबा. पांढरंशुभ्र होतं. वहीत लिहिताना मी ते बघितलं होतं.

पाच तारखेला डोळा दाखवायचा आहे. बसस्टँडवर मी घ्यायला येईन. कांड्यांवर पुन्हा कलम धरलंय, येताना बोअरचं पाणी बाटलीत भरून आणा. वहीत या वेळी नाव आणि नातं तुम्हीच लिहा. सावकाश लिहा, मी शेजारी उभी राहीन.

तुमचीच नात,
सायली